चिकटलं की खोटं

चुंबकाच्या कवळीतून काटेकाकांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. भाजलेले शेंगदाणे पडणार होते. सफरचंद फोडी न करता सरळ दातांनी तोडता येणार होतं. 'स' हे अक्षर परत मिळणार होतं, कारण खालची कवळी हलायला लागल्यापासून त्यांचा 'स' तोंडातून निघताना 'श' आणि 'फ' यांच्या मधल्या कुठल्यातरी बोळात शिरत असे. आणि सगळ्यांत मोठा लाभ म्हणजे व्याहीबुवांच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, एक आख्खं वाक्य शेवटपर्यंत बोलता येणार होतं. या व्यवहारात काकूंच्या वाट्याला काय येणार होतं, ते कुणी मांडलं नाही. काकूंना विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. सांगायची होती.

काटेकाका हे त्यांचं नाव नव्हे. ते इमारतीनं ठेवलेलं. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. दुकानात शिरायचं, तराजूचा काटा मध्यावर उभा राहतो का बघायचं, नाही राहिला तर 'सदोष' म्हणायचं आणि दुकानदाराचा चेहरा उतरताना बघायचा. निवृत्त झाल्यावर तराजू सुटले, काटा सुटला नाही. पाहुण्यांकडे जेवायला गेले तरी वाटीत भाजी किती आली याकडे त्यांची नजर जाई. नाव ठेवणाऱ्यांनी तराजूचा काटा मनात धरला होता की पायात मोडतो तो, हे इमारतीनं शेवटपर्यंत उघड केलं नाही.

तर व्याहीबुवा. सूनबाईंचे वडील, भांड्यांचे जुने व्यापारी. दुकानात तांब्यापितळेची भांडी अजून वजनावर विकायचे आणि त्यासाठी गल्ल्याशेजारी एक मोठा काटा ठेवलेला. दोनेक वर्षांमागे काटेकाका सहज म्हणून तिथे टेकले. सहज टेकलेला माणूस चहा घेतो आणि उठतो. काकांनी काट्याकडे पाहिलं, वाकून पाहिलं, डोळा मिटून पाहिलं, आणि भर गिऱ्हाइकीत बोट रोखून म्हणाले, "व्याहीबुवा, रागावू नका, पण हा काटा स... स..."

'सदोष'मधल्या 'स'ला जोर लावताना खालची कवळी सुटली, ओठावरून उडाली आणि तराजूच्या पारड्यात जाऊन पडली. काटा हलला, डुलला आणि स्थिर झाला. व्याहीबुवांनी चष्मा सारखा केला, काट्यावरचा आकडा वाचला आणि अत्यंत आदरानं विचारलं, "व्याहीबुवा, पॅक करून देऊ की असंच नेता?"

गिऱ्हाइकं हसली ते एक वेळ ठीक. पण दुकानाच्या दारात उभी असलेली सूनबाईही पदर तोंडाला लावून हसली. काकांनी त्या दिवसापासून व्याह्यांवर दात धरला. आता तोंडात धरायला फारसे उरले नव्हते, तरी धरला. शिवाय त्यांनी बोलणं कमी केलं. चारचौघांत हसणं तर बंदच. घरात जी शांतता पसरली तिच्याबद्दल काकू शेजारणींकडे हळहळ व्यक्त करीत. पण त्या काळात काकूंचं वजन वाढलं आणि दुपारची झोप परत आली, हेही खरं.

दंत महाविद्यालयातल्या मुलीची गाठ पडली ती या दिवसांत. ती शेवटच्या वर्षाला होती आणि चुंबकानं धरून राहणाऱ्या कवळ्यांवर संशोधन करत होती. काकांच्या खालच्या जबड्यात दोन सुळे उरले होते, तेही वरून किडलेले. ते पाहून तिचा चेहरा असा उजळला की काकांना आपण काहीतरी जपून ठेवल्यासारखं वाटलं.

"काका, मुळं उत्तम आहेत तुमची," ती म्हणाली. "दात वरून कापू, मुळं तशीच ठेवू. मुळांवर लोखंडाच्या जातीच्या दोन छोट्या टोप्या बसवायच्या. कवळीत, बरोबर त्यांच्या वर, दोन चुंबक. कवळी जवळ नेली की टक् करून बसते."

"आणि बोलताना?"

"तुम्ही 'स' म्हणा नाहीतर 'ठ' म्हणा. हलणार नाही."

काकांनी तिथल्या तिथे होकार दिला. तिनं मग तिची अडचणही सांगितली. तिचे सर कडक होते. अभ्यासात घेतलेला प्रत्येक रुग्ण शेवटच्या तपासणीपर्यंत टिकला पाहिजे. एक जरी गळला, किंवा एकाच्याही कवळीचे आकडे वेडेवाकडे आले, तर तिचं वर्ष वाया. म्हणून तिचे नियम साधे होते. मऊ ब्रशनं धुवायची. झोपताना प्लास्टिकच्या डबीत पाण्यात ठेवायची. चुंबकावर अगदी पातळ धातूचं कवच असतं, कारण थुंकी लागली तर चुंबक गंजतो. त्या कवचाला काही घासायचं नाही. "आणि काका, बाकी काही करायचं नाही."

'बाकी काही करायचं नाही' हे वाक्य निवृत्त माणसाला सांगण्यात अर्थ नसतो. पण मुलगी लहान होती.

दर तपासणीला ती कवळीच्या मधोमध हुक अडकवायची आणि स्प्रिंगच्या छोट्या काट्यानं ती सुटेपर्यंत सरळ वर ओढायची. सुटतानाचा आकडा लिहून घ्यायची. त्याला पुस्तकात काहीतरी जाडजूड शब्द होता. सरांचा हुकूम होता की रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायचं, म्हणून तिनं त्याचं 'ओढ' करून टाकलं. "छान ओढ आहे तुमची," ती पहिल्या तपासणीला म्हणाली, आणि काका घरी येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक आरशात बघत आले.

शेंगदाणे खाऊन झाले. सफरचंद झालं. 'स' परत आला आणि काका तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'साधारण', 'सविस्तर' आणि 'सांगायचं म्हणजे' असेच शब्द वापरत राहिले. राहता राहिली व्याहीबुवांची भेट. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली त्याला स्वतःच्या तोंडातलं यंत्र न तपासता बाहेर कसं पडवेल? चुंबक आहे म्हणजे त्याला दिशा असणार. दिशा आहे म्हणजे ती बरोबर आहे की नाही हा प्रश्न आलाच.

हा प्रश्न काकांनी वरच्या मजल्यावरच्या रेडिओवाल्यांना विचारला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण विजेचं, चुंबकाचं आणि हवामानाचं काहीही असलं की इमारत त्यांच्याकडेच जात असे, आणि ते कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नसत.

"तोंडात चुंबक?" रेडिओवाले खुर्चीत मागे रेलले. "झोपताना कसं करता?"

"काढून ठेवतो."

"नशीब. नाहीतर डोकं आपोआप उत्तरेकडे वळलं असतं. रक्तात लोह असतं माहितीये ना? सगळं जबड्यात गोळा होणार. गाल लाल झालेत का तुमचे?"

"ते शेंगदाण्यांनी."

"असं तुम्हाला वाटतं." रेडिओवाल्यांनी विचार केला. "एक करा. कवळी दोऱ्याला बांधा आणि वारा नसताना गॅलरीतून मोकळी सोडा. सुळ्यांची बाजू कुठे थांबते बघा. उत्तरेला थांबली तर चुंबक चोख. नाही थांबली तर कॉलेजनं फसवलंय."

काकांनी सांगितलं तसं केलं. दुपारची वेळ, वारा नाही, काकू झोपलेल्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकांची कवळी दोऱ्यावर हळूहळू खाली गेली, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. साऱ्या इमारतीला आळीपाळीनं दात दाखवून झाले आणि मग ती ठामपणे एका दिशेला वळली. काकांना आनंद झाला. तो आनंद थोडा घाईचा होता. कवळी उत्तरेकडे नव्हे, तळमजल्याच्या खिडकीकडे ओढली गेली होती, आणि तिथल्या कट्ट्यावर वाळत घातलेल्या भांड्यांतल्या एका झाकणीवर टक् करून बसली.

काकांनी दोरा ओढला. कवळी वर आली. झाकणीही आली.

तळमजल्याच्या बाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आपली झाकणी दातांनी धरून आकाशाकडे निघालेली त्यांनी पाहिली. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. या बाईंनी आयुष्यभर घरातली भांडी मोजून ठेवली होती. त्या नुसत्या उठल्या, चपला घातल्या आणि जिना चढून वर आल्या.

"माझी झाकणी," त्या म्हणाल्या.

काका झाकणी सोडवत होते. दात हातात असल्यामुळे त्यांना उत्तर देता येईना. कवळी निघाली तशी त्यांनी ती धोतराच्या टोकाला पुसून तोंडात बसवली, टक्, आणि एकाएकी त्यांच्या अंगात जुना निरीक्षक संचारला. लोकांना वाटतं अधिकार खुर्चीत असतो. तो आवाजात असतो, आणि काकांना आवाज नुकताच परत मिळाला होता.

"बाई, ही झाकणी कुठून घेतलीत?"

"का?"

"चुंबकाला चिकटली. अस्सल स्टील चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं की खोटं."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं. बाईंनाही होतं. त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमच्याच व्याह्यांकडून. सूनबाईंनी दुकान सांगितलं होतं."

त्या क्षणी काटेकाकांना जे सुख झालं ते शेंगदाण्यांत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की बायका भांडी घेऊन येऊ लागल्या. पातेली, डबे, वाट्या, पळ्या. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसत. कवळी काढायची, हातरुमालात धरायची, भांड्याच्या बुडाला लावायची. टक् झालं की तेलरंगानं फुली. तोंडात दात नसताना निकाल सांगायचा म्हणजे प्रतिष्ठेला बाधा येते, म्हणून ते निकाल फुलीनंच देत आणि सगळं संपल्यावर कवळी बसवून एकदम भाषण करत. काही बायकांनी अट घातली की कवळी आधी धुवून घ्यावी. काहींनी भांडीच नंतर उकळली. पण आल्या सगळ्या. नवऱ्याच्या बहिणीनं दिलेल्या डब्याला फुली पडली की त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते कुठल्याही तपासणीत मोजता येणार नाही.

रेडिओवाले वरून वाकून सूचना करीत. "बुडाला नको, काठाला लावा. काठ लपवाछपवी करत नाही."

फुली पडलेली बरीचशी भांडी एकाच दुकानातली निघाली. निघणारच. सूनबाईंच्या शब्दावर निम्म्या इमारतीनं तिथून खरेदी केली होती. बायका भांडी पिशवीत घालून परत दुकानात नेऊ लागल्या.

सूनबाईंनी भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर काकांना निभावता आलं असतं. त्यांनी फक्त सासऱ्यांचं ताट बदललं. जेवण काचेच्या ताटलीत, चहा काचेच्या पेल्यात, पाणी काचेच्या तांब्यात.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"तुमच्या कसोटीला उतरेल असं घरात एवढंच आहे, बाबा. बाकी सगळं माझ्या माहेरचं."

काचेतला चहा लवकर निवतो. काका तो तसाच पीत राहिले. न्यायाची किंमत द्यावी लागते, असं ते मनाशी म्हणाले, आणि ती किंमत सून का देतेय याचा विचार त्यांनी केला नाही.

पुढच्या तपासणीला मुलीनं कवळी ओढली आणि काट्याकडे बघत राहिली. पुन्हा बसवली, पुन्हा ओढली. "काका, घरी काही वेगळं करता का?"

"मी?" काका म्हणाले. त्यांच्या मते ते काहीच वेगळं करत नव्हते. आयुष्यभर जे केलं तेच करत होते.

दोन दिवसांनी दुपारी घरचा फोन वाजला. काका गॅलरीत कामात होते. काकूंनी उचलला.

"काकू, मी कॉलेजमधून बोलतेय. काका आहेत का?"

"आहेत, पण बायकांत बसलेत. काय सांगू?"

"काकू, जरा काळजीचं आहे. काकांची ओढ कमी झालीय."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुणाची?"

"काकांची. सुरुवातीला इतकी छान होती, आणि आता एकदम उतरलीय. सरांनाही काही कळत नाहीये."

"सरांचा काय संबंध गं?"

"आकडे तेच बघतात ना. काकू, तुम्हाला घरात काही फरक जाणवला का?"

"हे बघ पोरी," काकू पदर सावरून खुर्चीत बसल्या, "तू विचारलंस म्हणून सांगते. आमचा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाच ती उतरली. तेव्हा तुमचं कॉलेज मोजायला आलं नव्हतं. आता या वयात वाढवून घ्यायची म्हणत असशील तर मला आधी विचार."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मुलीनं हळूच कवळी हा शब्द उच्चारला, आणि काकूंना इतकं हसू आलं की फोन ठेवायचा राहून गेला. त्या उघड्या फोनमधून मुलीला गॅलरीतला आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

ती लगेच घरी आली. पिशवीत स्प्रिंगचा काटा आणि भिंग घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहिली. समोर बायकांची रांग, फुल्या मारलेली भांडी आणि मध्यभागी रुमालात कवळी धरून तिचा रुग्ण, एका चाळणीच्या काठावर तिचं संशोधन घासत होता.

ती ओरडली नाही. तिनं हात पुढे केला, काकांनी कवळी तिच्या हातात दिली. ती भिंगातून चुंबकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग भिंग काकांच्या डोळ्याशी धरलं.

काकांनी असंख्य खोटी मापं भिंगाखाली पाहिली होती. हे त्यांना लगेच ओळखता आलं. कवचावर आडवे उभे ओरखडे, एका कडेला छोटंसं छिद्र, आणि छिद्राभोवती तपकिरी ठिपका. गंज.

"एवढं कशासाठी काका?" ती म्हणाली. "माझ्या परीक्षेला तीन महिने राहिलेत."

काकांना बोलायचं होतं, पण दात तिच्या हातात होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता. तळमजल्याच्या बाईंनी तिला आपला पदर दिला आणि काकांची बाजू मांडली. "अगं, पण चांगलं काम चाललं होतं. खोटं स्टील पकडत होते ते. चिकटलं की खोटं."

मुलगी थांबली. "कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी वर पाहिलं. रेडिओवाले आत गेले होते.

"काका, तुमच्या मुळांवर ज्या टोप्या बसवल्यात, त्या कशाच्या वाटतात तुम्हाला? स्टीलच्याच आहेत. मुद्दाम चिकटणाऱ्या स्टीलच्या. न चिकटणारं घेतलं तर कवळी राहील कशी? ते चिकटतं आणि तोंडात गंजतही नाही. स्टील बऱ्याच जातींचं असतं. एक जात चिकटते, एक नाही. खऱ्याखोट्याचा त्यात प्रश्नच नाही."

बायकांनी आपापल्या फुल्यांकडे पाहिलं.

सूनबाई आतून आल्या. हातात चहाचं पातेलं होतं, माहेरचं, बुडाला मोठी फुली असलेलं. "या सगळ्याजणी आत," त्या म्हणाल्या, "चहा होईपर्यंत बसा."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांची काळी काचेची शेगडी होती, विजेवरची, बिनज्वाळेची. इमारतीत बाकी सगळ्यांकडे गॅस. सूनबाईंनी आधी तळमजल्याच्या बाईंचं एक न चिकटणारं, फुली नसलेलं पातेलं तिच्यावर ठेवलं. शेगडी नुसती टूं टूं करत राहिली. मग आपलं ठेवलं. पाणी तापायला लागलं.

"ही शेगडी चुंबकावर चालते. चिकटणारं भांडं असेल तरच तापते. बाबांनी माझ्यासाठी दुकानातली भांडी एकेक चुंबक लावून निवडली. या शेगडीवर चालावीत म्हणून." इथे 'बाबा' म्हणजे व्याहीबुवा होते, सासरे नव्हे. सगळ्यांना ते कळलं. "तुमचा सकाळचा चहा याच भांड्यात होतो, सासरेबाबा. लग्न झाल्यापासून."

"मग आधी का नाही सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"विचारलं कुठे कुणी? तपासलं."

काकांनी कवळीकडे हात पुढे केला. मुलीनं दिली. त्यांनी ती बसवली. टक् झालं, पण पूर्वीसारखं नाही, पायरी चुकल्यासारखं. "मी उद्या दुकानात जातो," ते म्हणाले. 'स' थोडा निसटला. "आणि पोरी, तुझ्या सरांकडे मीच येतो. काय केलं ते मी सांगेन. तू सांगितलंस तर त्यांना वाटेल तू मला सांभाळून घेतेयस."

दुसऱ्या दिवशी ते खरोखर गेले. ज्या दुकानात शेवटपर्यंत एक वाक्य बोलायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तिथे. फक्त वाक्य बदललं होतं. सूनबाई बरोबर होत्या. काकांनी नको म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्या आल्याच असत्या.

दुकानाच्या कोपऱ्यात परत आलेल्या भांड्यांचा ढीग होता, सगळ्यांच्या बुडावर काकांच्या हातची फुली. गिऱ्हाइकं उभी होती. काटा गल्ल्याशेजारी तसाच, फक्त पारडं नवीन, स्टीलचं.

"या व्याहीबुवा," व्याहीबुवा अतिशय नम्रपणे म्हणाले. आपल्याकडे नम्रपणाचा उपयोग मुख्यतः असाच होतो. "आज काय तपासायचं?"

काका गल्ल्यासमोर उभे राहिले. "ऐका सगळ्यांनी," ते म्हणाले. "या दुकानातली भांडी चोख आहेत. मी त्यांना खोटं म्हणालो. चिकटणारं स्टील खोटं नसतं. भांड्यांत काही वावगं नव्हतं. माझंच माप स... स..."

कमी झालेली ओढ त्या 'स'ला पुरली नाही. कवळी सुटली, त्याच ओठावरून, त्याच वाटेनं, आणि स्टीलच्या पारड्यात जाऊन पडली. टक्.

दुकानात कुणी हसलं नाही. सूनबाईंनीही नाही. व्याहीबुवांनी चष्मा सारखा केला, दोन बोटांनी कवळी उचलायला गेले, तर पारडंच वर आलं. अर्धवट वर धरलेलं ते पारडं त्यांनी तसंच धरून ठेवलं आणि काकांकडे पाहिलं.

"चिकटली," ते म्हणाले. "मग काय समजायचं, व्याहीबुवा?"

काकांनी एक क्षण विचार केला. मग ते हसले, ओठ न मिटता, पोकळ हिरड्या आणि त्यावरच्या दोन चकचकीत टोप्या सगळ्या दुकानाला दाखवत. "खरी," ते म्हणाले. तेवढा शब्द दातांशिवायही नीट आला.

व्याहीबुवा हसू लागले. हसता हसता त्यांनी घाईनं हात तोंडाशी नेला, वरच्या ओठावर दाबून धरला, आणि काटेकाकांच्या तज्ज्ञ नजरेनं ते टिपलं. आयुष्यभराची सवय. हा हात कशासाठी जातो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

व्याहीबुवांनी गिऱ्हाइकांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशी मी चेष्टा केली ना तुमची, ते दुसरं काही नाही. माझी कवळी पडली नाही म्हणून केली. मी गेल्या कित्येक दिवसांत शेंगदाणा खाल्लेला नाही हो." मग आणखी हळू, "ती मुलगी वरच्यालाही बसवते का?"

"मुळं शिल्लक आहेत?"

"तीन."

"चिंता नको," काका म्हणाले, आणि पारड्यातून आपले दात सोडवायला लागले. दोघांनी मिळून ओढले तेव्हा निघाले.

आता शेवटी कुणी किती मोजलं ते बघू. मुलीच्या सरांनी काकांचं म्हणणं उभं राहून ऐकलं आणि बराच वेळ छताकडे बघून निर्णय दिला, की रुग्णानं कवळीचं काय केलं हेसुद्धा निरीक्षणच असतं. काकांचे आकडे सरासरीतून काढले आणि त्यांच्यावर वेगळं प्रकरण लिहायला लावलं. मुलीची त्यात सगळी सुट्टी गेली, पण वर्ष वाचलं. परीक्षकांनी म्हणे तेच प्रकरण दोनदा वाचलं. कवळीत नवे चुंबक बसले. तळमजल्याच्या बाईंनी घरातली एकूणएक फुली घासून काढली आणि त्यात त्यांच्या मनगटाला उसण भरली. सूनबाईंनी काकांचं स्टीलचं ताट परत काढलं, पण चहा अजून काचेच्या पेल्यात देतात, आठवण राहावी म्हणून. व्याहीबुवांनी एक सुळा आणि दोन दाढा वरून कापून घेतल्या. सगळा सल्ला ज्यांनी दिला त्या रेडिओवाल्यांनी काहीच मोजलं नाही. सल्ला देणारा कधी मोजत नाही.

आणि काकू. काकूंना विचारायची पद्धत त्या घरात नव्हती, म्हणून त्यांनी किती मोजलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांची ओढ पहिल्यापेक्षा वाढली. 'स' पक्का झाला. व्याहीबुवा आता दर दुपारी येतात, दोघे गॅलरीत शेंगदाणे खात बसतात आणि चुंबकावर बोलतात, सविस्तर, सांगोपांग, संध्याकाळपर्यंत. काकूंची दुपारची झोप गेली ती गेलीच.

तीन वाजले की त्या दोन प्लास्टिकच्या डब्या पाणी भरून गॅलरीत आणून ठेवतात.

"अहो," त्या म्हणतात, "पोरीनं सांगितलंय ना, मधून मधून काढून ठेवायची."

"झोपताना," काका म्हणतात.

"हो," काकू म्हणतात. "माझ्या."